संभवत नाही

माझ्या हुद्द्याचं नाव व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळी खायचं, पण काम दोन शब्दांत सांगता येईल. मी शंका फेटाळायचो. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

चिप तयार करणाऱ्या कंपनीत दोन तऱ्हेची माणसं असतात. एक चिपची रचना करणारी आणि दुसरी त्या रचनेत खोड काढणारी. बाणेरच्या ऑफिसात मी सत्तावीस वर्षं दुसरं काम केलं. घराची भिंत वाकडी झाली तर पाडून परत बांधता येते. चिपचं तसं नाही. रचना एकदा कारखान्यात गेली की तिचे लाखो नग बाहेर पडतात, आणि चूक राहिली असेल तर ती लाखो ठिकाणी राहते. म्हणून रचना करणारा एक असेल तर तपासणारे तीन लागतात.

नखावर मावेल एवढ्या चिपमध्ये काही अब्ज स्विच असतात. त्यांच्या चालू-बंदच्या सगळ्या जुळण्या तपासायच्या म्हटलं तर पृथ्वीचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून आम्ही निवडक प्रश्न विचारायचो. दोन संदेश एकाच क्षणी आले तर? बॅटरी संपत आली आणि नेमकं तेव्हाच कुणी बटण दाबलं तर? अशा हजारो प्रश्नांची यादी करायची, संगणकावर चिपची हुबेहूब नक्कल चालवायची आणि तपासून झालेल्या प्रश्नांवर एकेक खूण करत जायचं. शेवटी काही प्रश्न असे उरत, की त्यांतली परिस्थिती नकलेत घडतच नसे. मग अनुभवी माणूस रचना वाचून ठरवी की ही परिस्थिती मुळात उद्भवणारच नाही, आणि प्रश्नापुढे लिही, 'संभवत नाही'. खाली सही. आमच्या धंद्यात याला 'सूट देणं' म्हणायचे. तो अनुभवी माणूस मी, गिरीश तांबवेकर.

मग शंकासुर आला. कंपनीनं त्या यंत्राला भारदस्त नाव दिलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात ऑफिसनं त्याचं असं बारसं केलं. तो रचना स्वतः वाचायचा, प्रश्न स्वतः काढायचा, तपासायचा स्वतःच, आणि जे त्याला ठरवता येत नसे तेवढंच माणसाला विचारायचा. पहिल्या चिपला त्यानं चाळीस हजार शंका काढल्या. मी वैतागलो. पण शंकासुराचा एक गुण होता. नवा कारकून साहेबाचा स्वभाव ओळखतो तसा तो उत्तरांवरून शिकायचा, की कुठली शंका या माणसाला महत्त्वाची वाटते आणि कुठली फालतू. शिवाय एक बटण होतं, 'परत विचारू नये'. मी ते भरपूर वापरलं.

दोन वर्षांत चाळीस हजारांवरून शंका सहाशेवर आल्या. जी तपासणी नऊ महिने चालायची ती पाच आठवड्यांत उरकू लागली. आमचा शंकासुर, म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेला शंकासुर, इतर कंपन्यांनीही घेतला. बंगळुरूच्या परिषदेत मी भाषण ठोकलं. चिप उद्योग कुठं चालला आहे, असा विषय होता. मी म्हणालो, "हुशार यंत्र ते, जे कमी प्रश्न विचारतं." टाळ्या पडल्या. ते भाषण अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल, या विचारानं आज माझे कान तापतात.

त्या काळातच इन्सुलिन पंपाची चिप आली. पोटावर चिकटवायचा, काडेपेटीएवढा पंप. जेवण झालं की बटण दाबायचं, पंप डोस देतो आणि पडद्यावर 'दिला' असं दाखवतो. विसरलात तर थरथरतो आणि 'डोस बाकी' म्हणतो. याच पंपाच्या जुन्या चिपच्या साडेतीन हजार प्रश्नांना मी सूट दिलेली होती. नव्या चिपला मी ती सगळी यादी एका फटक्यात उचलून लावली. हे कुणी सांगून केलं नव्हतं, पण बहुतेक सगळेच असं करतात. एकदा विचार करून झालेला असतो, परत कोण करतो?

रचना कारखान्यात गेली त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. आमच्यात एक जुनी रीत आहे. चिपच्या कोपऱ्यात रिकामी जागा असते, तिथं एखाद्याची अक्षरं कोरायची. ती सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. त्या वेळी सगळ्यांनी माझं नाव पुढं केलं आणि 'गि. तां.' ही अक्षरं कोरली गेली. मी त्याचा मोठा फोटो काढून तासगावला दादाला पाठवला.

दादा म्हणजे सदानंद, माझा नऊ वर्षांनी मोठा भाऊ. तासगावात एसटी स्टँडच्या मागं त्याचं औषधांचं दुकान आहे, चौतीस वर्षं. निम्म्या गावाच्या गोळ्या त्याला तोंडपाठ. म्हातारी माणसं नुसती समोर येऊन उभी राहतात आणि हा हातात पुडी देतो. वर "ही अर्धीच, जेवल्यावर" हेही सांगतो. त्याला साखरेचा त्रास सुरू झाला तेव्हा मीच तो पंप घ्यायला लावला. "डोळे झाकून वापर," म्हणालो. "त्यात माझी सही आहे. यंत्र चुकत नाही." त्यानं फोटो फ्रेम करून दुकानात लावला आणि गावातल्या अकरा जणांना तोच पंप घ्यायला सांगितला.

फेब्रुवारीत एका दुपारी दादा दुकानातच कोसळला. गिऱ्हाइकांसमोर. साखर पार उतरली होती. मिरजेच्या हॉस्पिटलात तो संध्याकाळी शुद्धीवर आला. डॉक्टरांनी पंपाची नोंद काढली. एक वाजून दहा मिनिटांनी डोस, दोन वाजून पाच मिनिटांनी परत तेवढाच डोस. दोन्ही वेळा बटण दाबलेलं. प्रश्नच मिटला.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"गिऱ्या, एक सांगू?" तो म्हणाला. "जेवल्यावर मी दाबलं होतं. मला पक्कं आठवतंय. पण दोन वाजता ते थरथरलं. पडद्यावर 'डोस बाकी' आलं. मग म्हटलं, आपलीच आठवण चुकली असंल. म्हणून परत दाबलं."

"दादा, नोंदीत पहिला डोस आहे ना? मग पडदा बाकी कसं म्हणेल?"

"पण मी बघितलं रे, माझ्या डोळ्यांनी."

"तुला भास झाला असेल," मी म्हणालो. "माणूस विसरतो. यंत्र विसरत नाही."

मी बाहेर येऊन बसलो. शैलावहिनी बाहेरच्या बाकड्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. "भाऊजी, हे विसरणारे न्हाईत हो," त्या म्हणाल्या. "आणि नसलेलं बघणारे तर अजिबात न्हाईत." मी त्यांची समजूत घातली. वयाचं, साठीनंतरचं काय काय सांगितलं. मी डॉक्टर नाही, पण त्या दिवशी फार चांगला बोललो.

तासगावात तोवर बातमी फुटली होती. औषधवालाच औषध चुकला! लोक दुकानात पुडी घेतली की उघडून बघू लागले. एकानं तोंडावर विचारलं, "काका, ही माझीच गोळी ना?" दादानं त्या दिवसापासून गल्ल्याजवळ बसणं सोडलं.

मी पंप पुण्याला घेऊन आलो. का आणला, तेही सांगून टाकतो. वहिनींचं तोंड बंद करायला. पडद्यावर तेव्हा काय होतं हे चिपच्या पोटातून काढता येतं, आणि ते छापून त्यांच्या हातात ठेवायचं, एवढाच हेतू होता.

चिपमधल्या प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात. एक, गोष्ट घडल्याची. दुसरी, ती चिपच्या वहीत, म्हणजे कायमच्या स्मृतीत, चढल्याची. डॉक्टरांना पहिलीच दिसते; दुसरी आमच्यासारख्यांसाठी असते, आणि दोहोंत एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही फरक नसतो. दुपारी दोन पाचचा डोस दोन पाचलाच चढला होता. एक दहाचा डोस चढला होता पाच चाळीसला. म्हणजे हॉस्पिटलात वहिनींनी पंप चार्जिंगला लावला तेव्हा.

मी ती ओळ परत परत वाचली. मग रचना काढली. जुन्या चिपमध्ये बॅटरी मर्यादेखाली गेली की काही भाग झोपी जायचे, पण चालू असलेलं लिखाण पुरं करूनच. नव्या चिपमध्ये बॅटरी सातऐवजी दहा दिवस पुरावी म्हणून झोपेचा भाग सुटा केला होता. तो आता कुणासाठी थांबत नव्हता. डोस दिला, नोंद लिहायला घेतली आणि नेमक्या त्याच क्षणी बॅटरी मर्यादेखाली गेली, तर तेवढी नोंद दाराशीच अडकून राहायची; पुढच्या नोंदी मात्र नेहमीसारख्या चढायच्या. डोस शरीरात गेलेला, वही कोरी. पडदा वही बघून म्हणायचा, 'बाकी'. पुढं पंप चार्ज झाला की अडकलेली नोंद गुपचूप आपल्या जागी, मूळच्या वेळेसह जाऊन बसायची. मागं कसलीही खूण नाही. पंप खोटं बोलला आणि त्यानं पुरावाही पुसला; उरला तो वेंधळा म्हातारा.

असं क्वचित व्हायचं, चाळीस लाख डोसांत एकदा. पण बाजारात दीड लाख पंप होते आणि रोज चार डोस. हिशेब सोपा होता. आठवड्याला एक माणूस.

मी शंकासुराला विचारलं, ही परिस्थिती तू तपासली होतीस का? त्यानं लगेच पडद्यावर तीन प्रश्न मांडले. आमच्या पेढ्यांच्या आदल्या आठवड्यातले.

पहिला: डोसची नोंद लिहिली जात असताना बॅटरी मर्यादेखाली गेली, तर नोंद कुठं राहील? उत्तर: संभवत नाही.

दुसरा: जुन्या चिपमध्ये हे संभवत नव्हतं. या चिपमध्ये झोपेचा विभाग लिखाणाची वाट पाहत नाही असं दिसतं. कृपया पुन्हा पाहावं. उत्तर: वर सांगितलं आहे.

तिसरा: पडद्यावर चुकून 'बाकी' दिसलं, तर रुग्ण दुसऱ्यांदा बटण दाबेल का? उत्तर: हा चिपचा प्रश्न नाही. परत विचारू नये.

तिन्हीखाली माझी सही. तिसऱ्या उत्तराची वेळ दुसऱ्यानंतर अकरा सेकंदांची होती.

"अशा आणखी शंका होत्या का?" मी टाइप केलं.

"या प्रकारच्या एक हजार नऊशे अठरा," उत्तर आलं. "विचारल्या नाहीत. तुमच्या उत्तरांवरून त्या तुम्हाला आवडणार नाहीत असं शिकलो. इतर ठिकाणीही याच पद्धतीनं काम करतो."

इतर ठिकाणी म्हणजे आणखी सात कंपन्या. माझा उतावळेपणा मी एका यंत्राला शिकवला आणि तो सात दारी जाऊन बसला. पहिला विचार दादाचा यायला हवा होता. आला तो असा, की हे कुणाकुणाला दिसू शकतं?

मी आमच्या विभागप्रमुख मेघना दाभाडेंना सांगितलं. बाई माझ्याहून बारा वर्षांनी लहान आणि दहापट शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, पुढच्या तिमाहीत अपडेट जाणारच आहे," त्या म्हणाल्या. "त्यात झोपेची मर्यादा थोडी सरकवू. बॅटरीचा अनुभव सुधारला, असं पत्र काढू. 'चूक' हा शब्द कुठं लिहू नका. तो लिहिला की तुमचीच सही पुढं येते."

"पण तोवर?"

"तोवर आठवड्याला एक म्हणालात ना? आणि सगळेच काही दगावत नाहीत."

मी मान डोलावली. त्यांनी धमकी दिली नव्हती, दार लावून घेतलं नव्हतं. नुसती माझी सोय बघितली होती, आणि मला ती सोय हवी होती.

मी एकोणीस दिवस गप्प राहिलो. त्या एकोणीस दिवसांत वहिनींनी दादाला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. नसलेला संदेश दिसला, म्हणजे काळजीचं आहे, असं ते म्हणाले. स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी दादाला गरगरायचं, तो दिवसभर झोपून राहायचा. वहिनींनी फोनवर विचारलं, "भाऊजी, चालू ठेवू का गोळ्या?" आणि मी म्हणालो, "डॉक्टर सांगतात तर ठेवा." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. मी ते बदलून लिहू शकतो, पण लिहिणार नाही.

विसाव्या दिवशी सकाळी दादाचाच फोन आला. आवाज जड होता.

"गिऱ्या, दुकान बंद करतोय. परवाना परत द्यायचा अर्ज लिहिलाय. तू येऊन एकदा वाचून घे बाबा. शब्द इकडंतिकडं झाला असंल, माझा भरवसा न्हाई आता."

अर्जाच्या चार ओळी. चौतीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या चार ओळींचा भरवसा उरला नव्हता. मी लॅपटॉप घेतला, पंप वाचायची वायर घेतली आणि सरळ तासगाव गाठलं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. दादा आत स्टुलावर बसला होता, वहिनी कपाटातली मुदत संपलेली औषधं वेगळी काढत होत्या. दादानं अर्ज पुढं केला. मी तो वाचला नाही. त्याच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि दोन वेळांच्या त्या दोन ओळी दाखवल्या. काय झालं, ते सोप्या शब्दांत सांगितलं. मग माझी तीन उत्तरंही दाखवली. मला वाटलं होतं तो मला मारेल. मारायला हवं होतं.

दादा लॅपटॉपकडं बघत राहिला.

"म्हणजे मी दाबलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि पडद्यावर 'बाकी' आलं होतं? खरंच आलं होतं?"

"आलं होतं, दादा."

"शैला!" तो एवढ्या जोरात ओरडला की वहिनींच्या हातून बाटली पडली. "अगं ऐकलंस का? मला आठवत होतं! बरोब्बर आठवत होतं!" आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, मांडीवर थापा मारत होता. माझ्या भावानं माझ्यावर रागवायचं सोडून आनंद केला, तेव्हा मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

वहिनी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची शेवटची संधी होती. ती मात्र मी घेतली नाही.

"एकोणीस दिवस झाले."

दादाचं हसू थांबलं. "गोळ्या खात होतो तेव्हा?"

"हो."

"तूच म्हणालास चालू ठेवा."

दादा उठला, भिंतीकडं गेला, 'गि. तां.'ची फ्रेम खाली काढली आणि पालथी करून कपाटावर ठेवली. त्यानं ती फोडली असती तर बरं वाटलं असतं. तो परत येऊन बसला आणि बोटांवर मोजू लागला. त्यानं पंप घ्यायला सांगितलेले अकरा जण. एकेकाचं नाव, वय, डोस, न चुकता. नवव्या नावाला तो अडखळला.

"माळी आबा," तो म्हणाला, आणि वहिनींनी हातातली औषधं खाली ठेवली.

मला आबा माहीत नव्हते. दादानं सांगितलं. अठ्ठ्याहत्तरीचे आबा, डोळ्यांनी अधू. त्यांचा पंप सून सांभाळायची, ऋतुजा नावाची. डिसेंबरात आबा रात्री झोपेतच गेले. नोंदीत संध्याकाळचे दोन डोस निघाले. सून जीव तोडून सांगत होती की पडद्यावर 'बाकी' दिसलं म्हणून परत दाबलं. सासूनं मयताच्या दारात, अख्ख्या गल्लीसमोर तिला खोटारडी म्हटलं. लक्ष मोबाइलमध्ये, आणि वर यंत्रावर ढकलते! तेराव्यानंतर ती पलूसला माहेरी गेली, ती तिथंच होती. नवरा आणायला गेला नव्हता.

"लोक दुकानात येऊन मला इचारायचे," दादा म्हणाला. "काका, असं यंत्र चुकतं का हो? मी सांगायचो, छ्या! माझ्या भावाची सही हाय त्यात. यंत्र चुकत न्हाई, पोरीचंच लक्ष नसंल. गिऱ्या, एकदा न्हाई, धा येळा सांगितलंय मी."

"त्यांचंही असंच झालं असेल कशावरून?" मी म्हणालो. "पंप बघितल्याशिवाय..."

एवढं होऊनही माझ्या तोंडून तेच निघालं. दादानं ड्रॉवर ओढला. आबांचा पंप माळ्यांनी दुकानात आणून टाकला होता, तो तिथंच पडून होता. त्यानं तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "बघ."

मी वायर जोडली. संध्याकाळी सात वीसचा डोस वहीत चढला होता दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. तेव्हा आबांना जाऊन काही तास झाले असतील. कुणीतरी सवयीनं पंप चार्जिंगला लावला असणार.

त्याच टेबलावर बसून मी औषध नियंत्रकांना लेखी कळवलं. पंप ताबडतोब थांबवा. चूक अमुक ठिकाणी आहे, तपासणीत ती तीनदा विचारली गेली होती आणि खाली सही केलेल्यानं फेटाळली होती. सात कंपन्यांची नावंही दिली. ते पाठवून मग मेघनाबाईंना प्रत पाठवली. त्यांचे लागोपाठ चार फोन आले, मी उचलले नाहीत. दादा तोवर एकेकाला फोन करत होता. पंप काढून ठेवा, जुनी सुई सुरू करा, सकाळी दुकानात या. ऋतुजाला फोन करताना मात्र त्यानं एवढंच सांगितलं, "पोरी, उद्या ये. तुझ्या कामाचं हाय."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शटर पुरं वर गेलं. दादानं मला गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसवलं. "मी न्हाई सांगणार कुणाला," तो म्हणाला. "तू सांग."

मी सांगत गेलो. लोक ऐकायचे, दादाकडं बघायचे. दोघा-तिघांनी त्याची माफी मागितली, पुडी उघडून बघितली म्हणून. माझ्याशी कुणी वाईट बोललं नाही. एक आजोबा तर म्हणाले, "चालायचंच, मोठ्या कामात व्हतंय असं." ते वाक्य गिळायला सगळ्यात जड गेलं.

साडेअकराला ऋतुजा आली. तिशी नुकतीच ओलांडलेली, केस घट्ट बांधलेले, हातात रिकामी पिशवी. दादानं खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. तीन प्रश्न, तीन उत्तरं, अकरा सेकंद, एकोणीस दिवस. आबांच्या नोंदीतल्या दोन वेळा कागदावर लिहून तिच्या हातात दिल्या. दादा मध्येच म्हणाला, "मी पण बोललोय तुझ्याबद्दल, पोरी. मला माफ कर." तिनं त्याच्याकडं बघितलं सुद्धा नाही.

"म्हणजे 'बाकी' दिसत होतं," ती म्हणाली.

"दिसत होतं."

"मी रोज आठवायचे. तीन महिने. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, की मी खोटं बोलतेय." तिनं कागदाची घडी घातली. मी म्हणालो की मी हे सगळं लिहून देतो, शिक्क्यासकट, ती कुणालाही दाखवू शकेल.

"कागद नको," ती म्हणाली. "घरी चला."

माळ्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. आम्ही चालत गेलो. ती पुढं, मी मागं, आणि दादा. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. नवरा आतून आला आणि दारातच थांबला. शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या. ऋतुजा पायरी चढली नाही. अंगणातच उभी राहिली.

मी ओसरीसमोर उभा राहून हात जोडले आणि सांगितलं. सत्तावीस वर्षं मी बैठकांमध्ये बोललो होतो, पण तेव्हा माझ्याच्यानं चार वाक्यंही नीट होईनात. सासूबाईंनी कानामागं हात धरला.

"काय म्हणतोय त्यो?" त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा खाली बघत होता.

मी परत सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"त्यांना ऐकू येत न्हाई," मागून ऋतुजा म्हणाली. "मोठ्यानं सांगा. त्या दिवशी मला बोलल्या, तेवढ्या मोठ्यानं."

मग मी ओरडून सांगितलं, की हिची काही चूक नव्हती, चूक माझी होती.